लॉनमोवरच्या इंजिनावरचे तेल आणि किटण: सफाईची पद्धत

गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन स्वच्छ करायचे म्हटले की नवशिक्या माणसाचा हात आधी पाण्याच्या नळीकडे जातो आणि नेमके तिथेच काम बिघडते. हे छोटे इंजिन मोटारीच्या इंजिनासारखे पाण्याने थंड होत नाही, ते हवेने थंड होते. दोरी ओढून सुरू करायच्या स्टार्टरच्या खाली फ्लायव्हील नावाचे एक जड चाक असते आणि त्याच्या कडेने पंख्यासारखी पाती असतात. इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेत असताना ही पाती वरच्या जाळीतून हवा ओढतात आणि सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, म्हणजे फिन्समधून, जोराने पुढे ढकलतात. त्याच वाटेने गवताचे बारीक तुकडे, धूळ आणि गवताचे बी आत येते. तिथे कुठून थोडे तेल झिरपलेले असेल, तर हा सगळा कचरा त्या ओशटपणाला धरून बसतो, उष्णतेने वाळतो आणि पाहता पाहता सिलिंडरवर जाड बुरणूस पांघरल्यासारखा थर तयार होतो.

हा थर उष्णता बाहेर पडू देत नाही. इंजिनाचा एखादा भागच प्रमाणाबाहेर तापतो, तेल पातळ पडते, हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली सांधा बंद करणारी पातळ चकती) जळते, हवा आणि धूर आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आपल्या मार्गात अडकू लागतो आणि मालकाला मात्र केवळ ‘ताकद कमी झाली’ एवढेच जाणवते. सायलेन्सरजवळ साचलेले तेलकट वाळके गवत पेट घेऊ शकते, हा धोका वेगळाच. म्हणून या सफाईचे खरे हेतू दोनच आहेत: हवेची वाट मोकळी करणे आणि तेल कुठून येते ते शोधणे. इंजिन चकचकीत दिसणे ही त्यानंतरची गोष्ट आहे आणि ते नाही दिसले तरी काही बिघडत नाही.

हात लावण्यापूर्वी

इंजिन नुकतेच चालवलेले असेल तर ते पूर्ण थंड होऊ द्यावे. त्याला तासभर लागतो असे धरून चालावे. वरून हात लावल्यावर कोमट वाटणारे इंजिन सायलेन्सरपाशी चांगलेच चटका देणारे असू शकते. शिवाय तापलेल्या धातूवर गार पाणी किंवा द्रावण पडले, तर तडा जाण्याची शक्यता असते आणि द्रावणाची वाफही नाकातोंडात जाते.

त्यानंतर स्पार्क प्लगवरची रबरी टोपी ओढून काढावी आणि ती प्लगपासून दूर, पुन्हा चुकूनही टेकणार नाही अशा रीतीने बांधून ठेवावी. ही पायरी कोणीही वगळू नये. गवत कापणारे पाते हाताने फिरवले तरी त्याबरोबर फ्लायव्हील फिरते, ठिणगी पडते आणि सिलिंडरमध्ये थोडे जरी पेट्रोल उरले असेल तरी इंजिन एखादा झटका देऊ शकते. बोट तुटायला तो एक झटका पुरतो. बटणाने सुरू होणारे यंत्र असेल, तर किल्ली काढून बॅटरीची ऋण तारही सोडवावी.

पेट्रोलची तोटी असल्यास ती बंद करावी. टाकीत पेट्रोल भरपूर असेल तर ते योग्य डब्यात काढून घेणे उत्तम, कारण पुढे यंत्र कलते करावे लागणार आहे. काम उघड्यावर किंवा भरपूर हवा खेळणाऱ्या जागी करावे आणि आसपास विस्तव, चालू गीझर, सिगारेट यांपैकी काहीही नसावे.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पेट्रोलने इंजिन पुसण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते, कारण ते हाताशी असते आणि तेल झटकन विरघळवते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी जमू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंतही पोहोचते. रॉकेल याच्या तुलनेत बरेच सौम्य आहे. त्याची वाफ पेटण्याजोगी होण्यासाठी ते साधारण ३८ अंशांच्या वर तापावे लागते. तरीही तेही ज्वलनशीलच आहे, हे विसरू नये. माझ्या मते पेट्रोलने सफाई करण्यापेक्षा इंजिन मळके राहिलेले बरे.

सामान

फार काही लागत नाही. जुना टूथब्रश, नायलॉनच्या ताठ केसांचा एक ब्रश, लाकडी किंवा प्लॅस्टिकची खरवडणी, काही बारीक लाकडी काड्या, बऱ्याच चिंध्या, आवरणाचे बोल्ट खोलण्यासाठी पान्यांचा संच, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खाली ठेवायला एखादे पसरट घमेले, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. द्रावण म्हणून भांडी घासण्याचा द्रवसाबण आणि पाण्यात मिसळणारे डिग्रीझर, म्हणजे ओशटपणा काढणारे द्रावण, पुरते.

डिग्रीझर निवडताना बाटलीवरची माहिती वाचावी. लॉनमोवरच्या इंजिनाचा बहुतेक भाग अॅल्युमिनियमचा असतो. कॉस्टिक सोडा असलेली तीव्र द्रावणे, भट्टी किंवा ओव्हन साफ करण्याची उत्पादनेही त्यात आली, अॅल्युमिनियम खातात. पृष्ठभाग काळा पडतो, बारीक खड्डे पडतात आणि या क्रियेतून हायड्रोजन वायूही सुटतो. द्रावण अॅल्युमिनियमसाठी सुरक्षित असल्याचे लिहिलेले नसेल, तर ते वापरूच नये.

पुसण्यापूर्वी नीट पाहा

मळकट इंजिन हा एक पुरावा आहे आणि तो पुसण्याआधी वाचून घ्यायचा असतो. चांगल्या उजेडात यंत्र सर्व बाजूंनी पाहावे आणि मोबाइलवर चार-पाच छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे आवरण परत बसवताना कोणती तार कुठून जात होती याचाही त्यांवरून उलगडा होतो.

तेल नेहमी खाली उतरते आणि पंख्याच्या हवेमुळे आडवेही पसरते. म्हणून सर्वांत मळका भाग हा गळतीचा उगम असेलच असे नाही. ओलसर डागाचे सर्वांत वरचे टोक शोधावे. ते टोक तेल भरण्याच्या टोपणापाशी असेल, तर टोपणाची रबरी चकती कडक झालेली असते किंवा टोपण नीट आवळलेले नसते. ते सिलिंडरच्या टोकाला व्हॉल्व्हवरच्या चौकोनी झाकणाच्या कडेने असेल, तर त्या झाकणाचे गॅस्केट गेलेले असते. इंजिनाच्या बुडाशी, दोन भाग जिथे जुळतात त्या रेषेवर सगळीकडे ओल असेल, तर खालचे गॅस्केट संशयास्पद आहे. पात्याच्या दांड्याभोवती, डेकच्या (पात्यावरच्या धातूच्या कवचाच्या) खाली तेल दिसत असेल तर दांड्याचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

एअर फिल्टरच्या डब्यात तेल सापडणे ही नवशिक्यांना सर्वांत गोंधळात टाकणारी बाब आहे. इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी ब्रीदर नावाची एक नळी याच डब्याकडे येते. तेल प्रमाणापेक्षा जास्त भरले किंवा यंत्र चुकीच्या बाजूला कलते ठेवले, तर तेल या वाटेने फिल्टरमध्ये शिरते. अशा वेळी इंजिनात बिघड काहीच नसतो. फिल्टर बदलून आणि तेलाची पातळी योग्य खुणेवर आणून प्रश्न मिटतो.

तेल आणि पेट्रोल यांच्या गळतीतला फरकही ओळखता येतो. तेलाचा डाग गडद, जाड आणि धूळ धरून ठेवणारा असतो. पेट्रोल गळत असेल तर कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) खालच्या वाटीभोवती मळ धुऊन निघाल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसतो किंवा पिवळसर, गोंदासारखा चिकट थर दिसतो, आणि वास तर येतोच. पेट्रोलची गळती दिसली तर सफाई बाजूला ठेवून ती आधी दुरुस्त करावी. एक अपवाद ध्यानात असू द्यावा: यंत्र टू-स्ट्रोक इंजिनाचे असेल, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागत असेल, तर सायलेन्सरच्या तोंडाशी थोडा काळा तेलकटपणा असणे स्वाभाविक आहे.

आधी कोरडी सफाई

ओले काम करण्याआधी जितका मळ कोरडा निघेल तितका काढावा. हा क्रम चुकला तर वाळके गवत आणि धूळ पाण्यात भिजून त्यांचा चिखल होतो आणि तो फिन्सच्या फटींत आणखी घट्ट बसतो. वरची जाळी, दोरीच्या स्टार्टरभोवतीची भोके, सायलेन्सरची पाठ, कार्ब्युरेटरच्या मागची खाच आणि डेकवर इंजिन जिथे बसते तो कोपरा या ठिकाणी कचरा हमखास साठतो. जाड थर लाकडी खरवडणीने उचलावा. स्क्रू ड्रायव्हरचे टोक किंवा तारेचा ब्रश घेण्याचा मोह होतो, परंतु अॅल्युमिनियमवर त्यांचे ओरखडे पडतात आणि पातळ फिन एका झटक्यात तुटते.

हवेचा कंप्रेसर उपलब्ध असेल तर दाब २ बारच्या आसपासच ठेवावा, चष्मा लावावा आणि हवा नेहमी आतून बाहेरच्या दिशेने मारावी. बाहेरून आत मारलेली हवा कचरा आणखी खोल ढकलते. कार्ब्युरेटरच्या जोडांवर आणि दांड्याच्या सीलवर हवेचा थेट झोत मारू नये.

वरचे आवरण काढणे

बाहेरून इंजिन कितीही घासले तरी खरा थर आवरणाखाली असतो, त्यामुळे वर्षातून एकदा तरी ते काढावेच लागते. बहुतेक यंत्रांमध्ये ते तीन-चार बोल्टांवर बसवलेले असते आणि ८ किंवा १० मिलिमीटरचा पाना त्यांना सहसा चालतो. काही यंत्रांत पेट्रोलची टाकी याच आवरणाला जोडलेली असते. तशी असेल तर टाकी रिकामी असावी आणि नळी सोडवताना खाली चिंधी धरावी. आवरण काढले की तेल भरण्याची नळीही अनेकदा सैल होते. तिचे तोंड लगेच स्वच्छ चिंधीने बंद करावे, म्हणजे कचरा आत पडणार नाही.

बोल्ट ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने एका कागदावर किंवा पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत, कारण त्यांची लांबी अनेकदा सारखी नसते. लहान जागी लांब बोल्ट घातला तर तो पुढे जाऊन एखाद्या भागाला टेकतो. दोरीच्या स्टार्टरचा वेगळा डबा असल्यास तो अखंड बाजूला काढावा. त्यातली गुंडाळलेली स्प्रिंग उघडण्याचे कारण नाही आणि ती उसळून चेहऱ्याला लागू शकते.

आवरण उचलल्यावर जे दिसते ते पाहून पहिल्यांदा काम करणारा माणूस बहुधा चकित होतो. हिवाळाभर वा पावसाळाभर यंत्र पडून राहिले असेल, तर फ्लायव्हीलभोवती उंदराचे घरटेही सापडते. घाईने हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी ओळखून ठेवाव्यात. पहिली, फ्लायव्हीलच्या कडेला अगदी चिकटून बसवलेली इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग. तिच्यात आणि चाकात साधारण पाव मिलिमीटरचे अंतर असते आणि ते ठरवून ठेवलेले असते, त्यामुळे तिचे स्क्रू सैल करू नयेत. दुसरी, काही इंजिनांत आवरणाखाली असलेले हलके पाते. वाऱ्याच्या जोरावर ते सरकते आणि बारीक तारेने कार्ब्युरेटरला जोडलेले असते. इंजिनाचा वेग तेच आवरत असते. ती तार किंवा तिच्याजवळची नाजूक स्प्रिंग वाकली, तर इंजिनाचा वेग वाजवीपेक्षा खूप वाढू शकतो. तिसरी, फ्लायव्हीलवर दाबून बसणारा ब्रेक. हँडलवरची दांडी सोडली की हा ब्रेक इंजिन आणि पाते थांबवतो. अमेरिकेत १९८२ पासून तयार होणाऱ्या, हाताने ढकलायच्या यंत्रांचे पाते दांडी सोडल्यावर ३ सेकंदांत थांबले पाहिजे असा नियम आहे. हा ब्रेक तेलकट झाला किंवा त्यावर स्प्रे उडाला तर तो घसरतो. म्हणून या भागात कोणतेही वंगण किंवा द्रावण फवारू नये. कोरड्या ब्रशने झटकावे, एवढेच.

फिन्सच्या फटी

संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे. फिन्स सिलिंडरभोवती आणि त्याच्या हेडवर असतात. हवा आत येते त्या बाजूची फट मोकळी दिसली तरी आतल्या बाजूला, स्पार्क प्लगच्या मागे आणि सायलेन्सरच्या अंगाला, ती पूर्ण बुजलेली असू शकते. विजेरी घेऊन एकेक फट तपासावी. लाकडी काडी फटीच्या एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने बाहेर येते का ते पाहावे आणि प्रत्येक फटीतून तशी ती सरळ येईपर्यंत काम करावे.

कोरडा थर काडीने पापुद्र्यासारखा सुटतो आणि तो सुटताना जाणवतो. तेलात भिजलेला थर मात्र काडीला चिकटून मागे येतो. अशा थरावर ब्रशने थोडे डिग्रीझर लावून पाच-दहा मिनिटे थांबावे, मग पुन्हा काडी आणि टूथब्रश चालवावा. एका फेरीत सगळे निघत नाही. तेल जळून कडक काळे झालेले असेल तर दोन-तीन फेऱ्या लागतात आणि तिथे जोर लावण्यापेक्षा द्रावणाला वेळ देणे अधिक उपयोगी ठरते. जिथे फिनचा तुकडा आधीच तुटलेला आहे तिथे काही करण्यासारखे नसते. एखाद-दुसरा तुकडा नसला तरी इंजिन चालते.

स्पार्क प्लग या वेळी काढण्याची घाई करू नये. त्याच्या बुडाशी साचलेला कचरा तो काढताच सिलिंडरमध्ये पडतो. आधी त्याच्या भोवतीची जागा पूर्ण स्वच्छ करावी. ओले काम संपेपर्यंत प्लग जागेवरच राहू द्यावा, कारण तोच त्या भोकाचे बूच आहे.

ओले काम

आता एअर फिल्टरचा डबा, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचे तोंड, टाकीचे टोपण आणि इग्निशन कॉइल यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून त्या रबरबँडने घट्ट बांधाव्यात. सायलेन्सरकडे बऱ्याच जणांचे लक्ष जात नाही. इंजिन थांबताना धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर सायलेन्सरमध्ये गेलेल्या पाण्याला सिलिंडरपर्यंत वाट मिळते.

प्रेशर वॉशर वापरू नये. उच्च दाबाचे पाणी दांड्याच्या सीलच्या ओठाखालून आत घुसते, कार्ब्युरेटरच्या जोडांतून आणि विजेच्या जोडण्यांतूनही शिरते आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांनी गंजाच्या रूपाने दिसू लागतो, तेव्हा त्याचा संबंध त्या धुण्याशी कोणाला लावताही येत नाही.

द्रावण इंजिनावर सरसकट फवारण्याऐवजी ब्रशवर किंवा फडक्यावर घ्यावे, म्हणजे ते जिथे हवे तिथेच जाते. खालून वर लावत जावे. वरून लावले तर खाली उतरणाऱ्या ओघळांच्या रेषा राहतात. हलका ओशटपणा कोमट पाण्यात घातलेल्या द्रवसाबणानेही निघतो. जाड, चिकट थरावर डिग्रीझर आणि अगदीच हट्टी ठिकाणी ब्रशला लावलेले थोडे रॉकेल चालते, पण रबरी नळ्या आणि प्लॅस्टिकचे भाग त्यात भिजत ठेवू नयेत. रॉकेल वापरल्यास ती जागा नंतर साबणाच्या पाण्याने पुसावी, नाहीतर मागे राहिलेला तेलकट पातळ थर पहिल्याच दिवशी नवी धूळ पकडतो. द्रावण कुठेही वाळू देऊ नये.

द्रावण काढण्यासाठी ओले फडके पिळून वापरणे सर्वांत सुरक्षित. फटींतून ते पुसता येत नाही, तिथे बाटलीतून हळू धारेने थोडे पाणी वरून खाली सोडावे आणि खाली घमेले ठेवावे. फ्लायव्हीलच्या भागात पाणी सोडूच नये. तिथले काम ओलसर फडक्यावरच भागवावे.

एअर फिल्टर

कागदी फिल्टर धुता येत नाही. कठीण पृष्ठभागावर हलके आपटून त्यातली धूळ झाडावी आणि तो तेलाने भिजलेला असेल तर टाकून द्यावा. त्याच्यावर जोराची हवाही मारू नये, कागदाला सूक्ष्म भोके पडतात. स्पंजचा फिल्टर मात्र कोमट साबणाच्या पाण्यात धुवावा, पिळा न घालता दाबून पाणी काढावे आणि पूर्ण वाळल्यावर त्यावर थोडे इंजिन ऑइल टाकून ते सगळीकडे पसरेल असे दाबून जादाचे काढून घ्यावे. डब्याची आतली बाजू फडक्याने पुसावी आणि त्या वेळी कार्ब्युरेटरच्या तोंडात कचरा पडणार नाही याची खबरदारी घ्यावी.

यंत्र कलते करताना

डेकखालचा चिकटा आणि दांड्याभोवतीचे तेल पाहण्यासाठी यंत्र कलते करावे लागते. ते कोणत्या बाजूला कलते करायचे हे सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका नसेल तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहतील, असे ठेवावे. उलट बाजूला ठेवल्यास तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरते आणि पुढे इंजिन सुरू करताना पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट निघतात. यंत्राला भक्कम टेकू द्यावा, जाड हातमोजे घालावेत आणि डेकला चिकटलेले गवत खरवडून काढावे. दांड्यावर गुंडाळलेली दोरी किंवा गवताची वेटोळी दिसली तर ती कापून काढावीत, कारण तीच सील कातरत असतात.

मळके पाणी आणि चिंध्या

घमेल्यात जमलेले तेलकट पाणी गटारात किंवा हिरवळीवर ओतू नये. तेल पडलेल्या जागी गवत जळते आणि नाल्यातून ते पुढे पाण्याच्या साठ्यात जाते. ते झाकणाच्या डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे. जमिनीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकली की ते शोषले जाते. चिंध्यांचा ओला बोळा करून कोपऱ्यात फेकू नये, त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.

वाळवणे, जोडणे आणि चालवून पाहणे

पिशव्या सोडून इंजिन फडक्याने पुसावे आणि उन्हात किंवा वाऱ्यात काही तास ठेवावे. रात्रभर ठेवता आले तर अधिक बरे. स्पार्क प्लगची टोपी आणि बॅटरीची जोडणी आतून कोरडी आहे ना, हे बोटाने तपासावे. आता आसपासची जागा स्वच्छ असल्यामुळे प्लग काढून पाहायचा असेल तर पाहता येतो.

आवरण बसवण्यापूर्वी त्याची आतली बाजूही पुसून घ्यावी, ही गोष्ट सहज राहून जाते. नंतर सगळे बोल्ट आधी हाताने लावून मग आळीपाळीने आवळावेत. अॅल्युमिनियममधले आटे नाजूक असतात, म्हणून पान्याला लटकू नये. आवरणाशिवाय इंजिन ‘फक्त एक मिनिट’ चालवून पाहण्याचा विचारही करू नये. आवरण नुसते झाकण नसते, फ्लायव्हीलची हवा फिन्सकडे वळवण्याचे काम तेच करते, आणि उघडे फिरणारे चाक तर सरळ धोकाच आहे.

तेलाची पातळी डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजण्याच्या खुणा असलेल्या पट्टीवर, पाहावी. या इंजिनांत तेल साधारण अर्ध्या लिटरच्या आसपास मावते आणि पुष्कळ इंजिनांत ते पंपाने न फिरता आतल्या चक्रीने उडवून सगळीकडे पोहोचवले जाते. त्यामुळे थोडेसे कमी-जास्त झाले तरी फरक पडतो. पातळी वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नये. मग पेट्रोलची तोटी उघडून एखादे मिनिट गळती होत नाही ना ते पाहावे, प्लगची टोपी बसवावी आणि यंत्र उघड्यावर नेऊन सुरू करावे. सायलेन्सरवर उरलेले तेल जळताना पहिली दोन-तीन मिनिटे थोडा धूर आणि वास येतो. तो पाच मिनिटांत ओसरला नाही किंवा वाढत गेला, तर इंजिन बंद करून पुन्हा पाहावे. दांडी सोडल्यावर पाते झटकन थांबते का, हेही याच वेळी तपासावे.

गळतीचा उगम आधी नीट सापडला नसेल तर आता सापडतो. इंजिन थंड झाल्यावर संशयित जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवावा, दहा मिनिटे यंत्र चालवावे आणि पुन्हा थंड झाल्यावर पाहावे. तेल जिथून येते तिथे पांढऱ्या पावडरीत गडद ओला बिंदू उमटतो. टोपणाची रबरी चकती किंवा व्हॉल्व्हच्या झाकणाचे गॅस्केट बदलणे नवशिक्यालाही जमण्यासारखे आहे. बुडाचे गॅस्केट आणि दांड्याचे सील यांसाठी पाते उतरवावे लागते, काही वेळा संपूर्ण इंजिनही काढावे लागते, तेव्हा ते काम जाणकार मेकॅनिककडे सोपवावे.

दर वेळी गवत कापून झाल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे, वरची जाळी ब्रशने झटकावी आणि ओला डाग दिसल्यास तो कोरड्या फडक्याने पुसावा, याला दोन मिनिटे पुरतात. आवरण काढून फिन्स साफ करण्याचे मोठे काम वर्षातून एकदा किंवा १०० तासांच्या वापरानंतर करावे, असे अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. उंच, वाळलेले गवत किंवा धुळीची जमीन कापायची असेल तर मात्र एवढी वाट पाहू नये. हंगामाच्या मध्यावर एकदा आवरण उघडून फटींत काडी घालून पाहावी.